बावडीतली सात कडी

डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं. इथे तिरुपूरला कोणी विचारलं, तर मी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशीनचं नाव सांगतो. लोकांना ते पटतं. दिग्रसच्या जिनिंगमध्ये मी चार हंगाम काढलेत, आणि तिथला आवाज असा, की शेजारचा माणूस ओरडला तरी नुसतं त्याचं तोंड हललेलं दिसायचं. पण मशीनने माझं काही बिघडवलं नाही. मला माझ्या बापाने लोखंडी कड्याने मारलं, भर दुपारी, गावच्या बावडीच्या पायरीवर. ते कडं त्याच्या बापाच्या काळच्या डफड्याचं होतं.

लिहिताना हात थांबतो. ज्या ताईंमुळे आज मला महिन्याचा पगार आहे आणि डोक्यावर पत्रा आहे, त्यांच्या हातात हे पडलं तर त्यांना काय वाटेल, याची धास्ती वाटते. नात्यागोत्याबाहेरच्या कोणी माझ्यासाठी त्यांच्याइतकं केलं नाही. आणि गावात जे झालं, ते त्यांनी आणलेल्या चांगल्या गोष्टीतूनच झालं. दोन्ही खरं आहे.

त्या वर्षांत आमच्याकडे माणसांचे हात फार लवकर उठायचे. कापसाला भाव नव्हता, बोंडात अळी होती, आणि राग कोणावर काढायचा ते कोणालाच ठाऊक नव्हतं. खरेदी केंद्रावर गाड्या चार-चार दिवस उभ्या राहायच्या. तिथे एकदा मी पाहिलं, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने कापूस मुठीत दाबून 'ओला आहे' म्हटलं, आणि समोरच्या म्हाताऱ्याने काही न बोलता वजनकाट्याचा लोखंडी आकडा त्याच्या तोंडावर मारला. ग्रेडरचा ओठ नाकापर्यंत फाटला. मग तोच म्हातारा खाली बसला आणि आपल्याच गाडीतला कापूस घेऊन त्याचं रक्त टिपत राहिला. बैलाची काठी बाईच्या पाठीवर पडायची, बाईचा हात लेकरावर. कोणी कोणाला 'काहून मारलं' असं विचारत नव्हतं. कापसाचे दिवस आहेत म्हणायचे, आणि पुढे चालायचे.

पेपरात आत्महत्यांच्या बातम्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायचं. ते वाचून बाहेरची माणसं जीप घेऊन यायची. कोणी डॉक्टर, कोणी फोटोवाले. आमच्या गावात आली ती मुंबईची एक संस्था. त्यांचं म्हणणं असं, की गावात माणसाला जगावंसं वाटेल असं काहीतरी पाहिजे. गावाची जुनी कला, जुनी वास्तू आणि बसायला झाडांची सावली, या तिन्हीसाठी ते देणगी देत. संस्थेकडून ज्या बाई आल्या, त्यांना आम्ही म्याडम म्हणायचो. त्यांनी सांगितलं ताई म्हणा. बारीक अंगाच्या, पायात कॅनव्हासचे बूट, आणि सगळं वहीत लिहून घ्यायच्या.

शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. ताईंनी सांगून झाल्यावर मागून एकजण म्हणाला, "म्हंजे म्याडम, कापसाले भाव नाई, पण बगीचा भेटन?"

"बगीचा होईल, छोटा रंगमंच होईल, आणि तुमची बारव आपण साफ करून घेऊ."

"बरं हाये. मरायच्या पह्यले सावलीत बसून गाणं आयकू."

सगळे हसले. ताईही हसल्या आणि मधेच थांबल्या.

बारव म्हणजे आमची बावडी, खाली उतरायला दगडी पायऱ्या असलेली विहीर. गावाच्या मधोमध होती, पण कोणी तिचं पाणी भरत नव्हतं. गाळाने अर्धी बुजलेली. लहानपणी आम्हाला सांगत, तिच्यात आसरा राहतात, पाण्यातल्या देवता, त्यांच्या कोपाने पाणी कडू झालं. बगीचा व्हायचा होता तो आखरावर, जिथे गावची गुरं सकाळी गोळा होतात आणि पोळ्याला बैल उभे करतात.

"आणि कला?" ताईंनी विचारलं.

बोलला तो म्हाताऱ्या पाटलाचा पुतण्या. गावचा कारभार तेव्हा त्याच्याच हातात होता. "आमच्या गावची कला म्हंजे पोळ्याचं डफडं. पह्यले सात डफडी वाजत, म्याडम. बारा गावचे लोक पाह्याले येत."

"मग आता का वाजत नाहीत?"

"वाजवणारे शिकले," तो म्हणाला. "सायेब झाले."

व्हरांड्यात हशा पिकला. आमच्या वस्तीची माणसं टोकाला, खांबापाशी बसली होती. त्यांच्यातलं कोणी हसलं नाही. मी हसलो. हे मला सांगायलाच पाहिजे.

आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा डफडं सोडलं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. गावात मेलेलं ढोर ओढायचं, कोणी मेलं तर निरोप घेऊन दुसऱ्या गावी धावायचं, लग्नात आणि पोळ्यात पाटलाच्या पुढे डफडं वाजवत चालायचं, ही आमच्या वाडवडलांवर लादलेली कामं. ती सोडली. पण हे मी विहारात बसून ऐकलं होतं, जसा शाळेत इतिहासाचा धडा ऐकतो तसं. मी विहाराच्या गायन पार्टीत ढोलक वाजवायचो. कोणीतरी ताईंना माझ्याकडे बोट दाखवलं.

बैठक उठल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. शिक्षण विचारलं. मी म्हटलं, आठवी सोडली. पुढची शाळा दिग्रसला, एसटीला पैसे लागायचे, आणि बापाला शेतात दुसरा हात पाहिजे होता. त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, बगीच्याला कायमचा माणूस लागेल, महिन्याला पगार, आणि पोळ्यापर्यंत पाच जणांचं डफडं पथक उभं करता येईल का तुम्हाला?

त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी हो म्हटलं. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. जिनिंग वर्षातून चार महिने चालायचं. कायमचा हा शब्द मला तोपर्यंत कोणी म्हटला नव्हता. मला वाटलं, रंगमंच असेल, माईक असेल, आपण कार्यक्रम करू. पाटलाच्या दारापासून आखरापर्यंत बैलांच्या पुढे वाजवत चालायचं आहे का, हे मी विचारलं नाही. घरी बापाला फक्त माळ्याच्या कामाचं सांगितलं.

बावडीचं काम वैशाखात निघालं. गावातलं एकही पोरगं खाली उतरायला तयार होईना. "आसरा हायेत बावा तिथं," म्हणत आणि लांबून पाहत. उतरलो ते आम्ही आठजण, सगळे आमच्या वस्तीतले. पाटलाचा पुतण्या वरून देखरेख करायचा. गाळ काळा, त्याला कुजलेला वास. फुटके माठ निघाले, कुत्र्याची कवटी निघाली. सोळा पायऱ्या मोकळ्या झाल्या तेव्हा माझं फावडं लोखंडावर वाजलं.

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव असेल वाटलं. पण ती बारीक होती. एक ओढली तर तिच्यात अडकलेली दुसरी आली. हात घालून घालून सात कडी काढली. जंग खाल्लेली, कडेला चामडं बांधायच्या बारीक आकड्या. आम्ही ती पायरीवर मांडली.

म्हातारा पाटील काठी टेकत कठड्याशी आला होता. त्याने खाली पाहिलं आणि पुतण्याला म्हणाला, "थे वर आनू नको. बावडी बुजवून टाक."

"काहून काका?"

म्हातारा थुंकला आणि निघून गेला.

तेवढ्यात ताई उतरल्या. एक कडं उचलून त्यांनी ओढणीने पुसलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं. "ही डफाची कडी आहेत," त्या म्हणाल्या. "किती जुनी असतील. यांनाच नवं चामडं चढवू. पोळ्याला तुमच्या पथकाने हीच वाजवायची."

माझा बाप माझा डबा घेऊन दोन पायऱ्या वर उभा होता.

"कोनाच्या पथकानं?" त्याने विचारलं.

"तुमच्या मुलाच्या. पोळ्याला तो डफडं वाजवणार आहे ना?"

बापाने डबा पायरीवर ठेवला. सांडू नये म्हणून नीट सरळ केला. मग वाकून सातातलं एक कडं उचललं आणि ते माझ्या कानावर मारलं.

मला आवाज आला नाही. डोक्यात पांढरं झालं आणि कानातून गरम काहीतरी मानेवर उतरलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. मी गाळात गुडघ्यावर पडलो तसा तिसरा पाठीवर. ओरडत नव्हता तो. हलक्या आवाजात एकच विचारत होता, "कायसाठी? सांग, कायसाठी?"

"नोकरीसाठी," मी म्हटलं. मग चौथा घाव आला. माझ्या सोबतचे सातही जण फावडी धरून उभे होते. त्यांच्यातल्या कोणी त्याचा हात धरला नाही. धरला तो ताईंनी, आणि त्यांच्या बोटाचं नख उखडलं.

जीपमध्ये त्यांनी मला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. माझं डोकं त्यांच्या पिशवीवर होतं, ती पिशवी रक्ताने भरली, तिचं त्यांनी काही म्हटलं नाही. डॉक्टर पडदा फाटला म्हणाले. दोन दिवस त्या माझ्या खाटेजवळ होत्या, डाळिंबाचे दाणे सोलून देत. त्यांनी विचारलं, वडिलांनी एवढं का मारलं? तेव्हाच सगळं सांगून टाकायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, सांगितलं तर पथक जाईल, पथक गेलं तर काम जाईल.

"बाबाला राग लवकर येते ताई," मी म्हटलं. "कापसाचे दिवस हायेत."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते लगेच समजलं. पेपरात तसंच तर यायचं. त्यांनी वही काढून ते लिहून ठेवलं.

घरी आलो तेव्हा बाप ओट्यावर बसला होता. मी आत जाऊन पडलो. तो आत आला, माझ्या डाव्या अंगाला बसला, काही बोलला. मला कळलं नाही. त्याने पाहिलं. मग उठून पलीकडून माझ्या उजव्या अंगाला येऊन बसला आणि बोलायला लागला.

माझा आजा दीक्षा घेऊन नागपूरहून परत आला. पुढच्या पोळ्याला पाटलाचं बोलावणं आलं, डफडी घेऊन या. आमची सात माणसं गळ्यात डफडी अडकवून निघाली. गाव खूश झालं, आले म्हणे ठिकाण्यावर. ते सातजण आखरावर थांबले नाहीत. बावडीवर गेले. तिच्या पायरीवर आमच्या माणसाला कधी पाय ठेवू दिला नव्हता. पाणी वरून कोणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. ते उतरले, आणि सात डफडी चामड्यासकट पाण्यात टाकली. माझा आजा वर येऊन म्हणाला, डफडं गावाचं होतं, गावाले वापस केलं.

पाटलाच्या दाराशी दगडी उंबरा होता. त्यावर आजाचा उजवा हात ठेवला आणि मनगटावर कुऱ्हाडीच्या पाठीने मारलं. एकदा नाही. हाड भुगा होईपर्यंत. बाकीच्या सहा जणांना उभं करून ते दाखवलं.

"मेल्या ढोराचं चामडं पान्यात पडलं," बाप म्हणाला. "थे काढाले त्यायचा हात लागत नव्हता, अन् आपला कोनी काढत नव्हता. म्हून बावडी मेली. आसरा-फासरा काई नाई. लेकरायले काय सांगतीन थे?"

मी उठून बसलो.

"तुहा आजा डाव्या हातानं जेवे. तुले वाटे डावखोराच होय तो."

मला खरंच तसं वाटायचं. मी लहानपणी त्याची नक्कल करून डाव्या हाताने भाकर तोडायचो, आणि घरातले सगळे गप्प व्हायचे.

"जाय अन् म्याडमले नाई म्हून सांग," बाप म्हणाला आणि उठला. मारल्याबद्दल काही बोलला नाही.

मी सांगतो म्हटलं. सांगितलं नाही. मृगात काम सुरू झालं, पहिला पगार आला, बायकोला दिवस गेले. अर्ध्या आखराला काटेरी तार लागली. आत मी कडूनिंब, करंज, उंबर लावले, खड्डे माझ्या हातचे. गुराख्यांनी शिव्या घातल्या, रात्रीतून दोनदा तार तोडली, एकाने मला दगड मारला. तरी झाडं जगली. रोज पाणी घालताना मी म्हणायचो, आज ताईंना सांगतो. त्या जीपमधून उतरायच्या, एकेका रोपाजवळ वाकून पाहायच्या, 'छान फुटलंय' म्हणायच्या, आणि माझं तोंड उघडायचं नाही. शेवटी मी ठरवलं, पोळ्याच्या दिवशी आजारी पडायचं. पंचवीस वर्षांचा माणूस मी, आणि शाळा बुडवायला पोटदुखी करतात तसं ठरवून बसलो होतो.

पोळ्याच्या सकाळी ताईच घरी आल्या. मुंबईची मोठी माणसं दोन गाड्या घेऊन आली होती, त्यांना झाडं दाखवायला चला म्हणाल्या. मी गेलो.

आखरावर तोरण बांधलं होतं, दोन खांबांमध्ये आंब्याचे डहाळे. बैल ओळीने उभे, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. मानाची जोडी पाटलाची, ती सगळ्यात पुढे. ती तोरणाखालून गेल्यावरच बाकीच्यांनी जायचं. आमची जोडी शेवटी, तिचा दोर धरून बाप. झडत्या चालू होत्या. पोळ्याला बैल उभे असताना एकमेकांना चिमटे काढत जुळवलेल्या ओळी ओरडायच्या, त्याला झडती म्हणतात. त्या वर्षी गावाला विषय आयता होता:

"जीपवाली आली बाई, झाडं लावून गेली,
झाडं खाल्ली बकरीनं, हवा खायाले ठेवली!"

आणि सगळे महादेवाच्या नावाने गरजले. मुंबईची माणसं टाळ्या वाजवत होती.

मग ताईंनी गाडीतून डफडी काढली. पाच. बावडीतलीच कडी, घासून काळी केलेली, त्यांवर नागपुरातून मढवून आणलेलं नवं चामडं. त्यांनी ते मला न सांगता केलं होतं, मला आनंद व्हावा म्हणून. पथकासाठी मी गोळा केलेले बाकीचे चारजण गर्दीत कुठे दिसेनात. त्यांच्या घरच्यांनी त्यांना आवरलं असावं. मी नाही म्हणून सांगितलं असं बाप समजत होता, म्हणून मला कोणी आवरलं नव्हतं. पुतण्याने पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा, जाळ करून ठेवला होता. चामडं शेकल्याशिवाय डफडं बोलत नाही. एक डफडं शेकलं, आणि त्या वासाने शेवटच्या ओळीतल्या आमच्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या.

"घाल बे गळ्यात," पुतण्या म्हणाला.

माझे हात उचलेनात. ताईंना वाटलं, मी लाजतोय. त्या हसत पुढे आल्या आणि त्यांनी स्वतः पट्टा माझ्या डोक्यावरून गळ्यात घातला. हातात दोन काड्या दिल्या.

बाप लांबून माझ्या गळ्याकडे पाहत होता. दोर धरलेला हात हलला नाही.

"वाजव ना आता," पुतण्या माझ्या उजव्या कानाशी वाकून म्हणाला, एवढं हळू की ताईंना ऐकू जाऊ नये. "तुह्या आजाचंच हाये."

म्हणजे त्याला कळलं होतं. काकाने त्याला सांगितलं होतं, आणि तरी, किंवा म्हणूनच, तो जाळ पेटवून उभा होता. आखरावर ज्यांना माहीत होतं ते सगळे वाट पाहत होते. माहीत नव्हतं फक्त ताईंना. आणि त्यांना माहीत नव्हतं ते माझ्यामुळे.

मी डफडं गुडघ्यावर घेतलं आणि जाडी काडी दोन्ही हातांनी धरून चामड्यातून आरपार घातली. शेकून ताणलेलं होतं. ते असं फुटलं की पुढचा बैल मागच्या पायांवर उभा राहिला.

मानेवर पहिली काठी बसली तेव्हा मी पट्टा काढतच होतो. मग किती बसल्या ते सांगता येत नाही. मी पडलो, तोंडात माती आणि दात. कोणीतरी माझ्या हातावर पाय ठेवून उभा होता आणि दुसरा कोणी त्याला सांगत होता, "मनगट धर, मनगट." ते शब्द मला स्वच्छ ऐकू आले. तेवढ्यात मानाची जोडी बिथरली. पाटलाचा गडी दोरासकट फरफटत गेला, बैल तोरणात घुसले, खांब आडवा झाला, आणि मागची सगळी ओळ माझ्या रोपांवरून, तारेवरून, खुर्च्यांवरून सुटली. एका बैलाच्या पोटात तारेचा खुंटा शिरला, तो तसाच ओरडत पळत होता. लोक एकमेकांना मारत होते आणि कोण कोणाला का मारतोय ते त्यांना विचारूनही सांगता आलं नसतं. वर्षभराचं सगळं तिथे निघत होतं.

मग माझ्या अंगावर कोणीतरी आडवा पडला. घामाचा वास ओळखीचा होता. बापाच्या पाठीवर काठ्या पडत होत्या, त्या मला त्याच्या हाडांतून जाणवत होत्या. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं ते मी ऐकलं. तो उठला. फाटक्या डफड्याचं कडं त्याने चामड्यातून ओरबाडून काढलं आणि पुतण्याच्या तोंडावर मारलं, जसं मला मारलं होतं तसंच, आडव्या हाताने. पुतण्याचा जबडा एका बाजूला गेला आणि तिथेच राहिला. बाप दुसऱ्यांदा मारायला गेला नाही. ते कडं हातात घालून, बांगडीसारखं कोपरापर्यंत चढवून, माझ्यापाशी बसून राहिला. मग जवळ यायची कोणाची हिंमत झाली नाही.

ताई जीपच्या चाकाला टेकून बसल्या होत्या. दगडाने भुवई फाटली होती. त्या रक्त पुसत नव्हत्या, नुसत्या पाहत होत्या.

सरकारी दवाखान्यात आम्ही सगळे एकाच व्हरांड्यात होतो. पुतण्याचा जबडा फडक्याने डोक्याला बांधलेला, बापाचा हात गळ्यातल्या झोळीत, ताईंच्या भुवईला टाके. मी त्यांना तिथे सगळं सांगितलं. आजाचं, बावडीचं, मनगटाचं. तीन महिने उशिरा.

"तुम्ही मला एकदा सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"हो ताई."

"कापसामुळे म्हणालात."

"हो."

"मी तसंच लिहिलं. मुंबईला तसंच कळवलं." त्यांनी भुवईच्या टाक्यांना बोट लावलं. "मी विचारायला पाहिजे होतं, तेही आहे. कडी पाण्यात कशी गेली, एवढं साधं विचारलं नाही मी."

पलीकडच्या बाकावरून बाप म्हणाला, "म्याडम, बावडी उपसली थे चांगलं केलं तुमी. बाकी कशाले हात लावला?"

संस्था गेली. रंगमंचाचा नुसता ओटा राहिला, त्यावर आता लोक तूर वाळवतात म्हणे. झाडांतलं एक उंबर वाचलं, ते माझ्या हातचं. पोलिसांनी दोन्हीकडच्या केसेस लिहिल्या आणि मग दोन्हीकडून मिटवून घेतल्या, पण आमची कडब्याची गंजी जळाली, आणि मी दिसलो तर माझं मनगट कुठे ठेवायचं हे पारावर उघड बोललं जाऊ लागलं. ताईंनी संस्था सोडली होती. तरी त्या एकदा आल्या, गावात नाही, दिग्रसच्या स्टँडवर. हातात चिठ्ठी दिली. तिरुपूरला त्यांच्या ओळखीचे एकजण होते, बनियनच्या कारखान्यात. मी आणि पोटुशी बायको वर्ध्याहून रेल्वेत बसलो. तिकिटं ताईंनी काढली होती. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, त्यांनी पडू दिलं नाही. म्हणाल्या, माझ्यावर आणखी ओझं टाकू नका.

इथे मी सुताच्या गोदामात आहे. भाषा अजून नीट येत नाही. कोणी मागून मोठ्याने बोललं की दचकतो. दाराची कडी लावली का ते तीनदा उठून पाहतो. पण महिन्याच्या महिन्याला पगार होतो, मुलगी बालवाडीत जाते, आणि कोणाच्या हातात काठी नसते.

पहिल्याच उन्हाळ्यात बापाचा फोन आला. तो फोनवर सुरुवातीलाच विचारतो, "कोनत्या कानाले लावला?" मी उजव्या म्हटल्यावरच पुढे बोलतो.

"टाकी आटली गावची," तो म्हणाला. "बावडीले पानी हाये. चौदाव्या पायरीले."

"कोन भरते?"

"पह्यले आपल्या बाया भरत. मंग पाराकडच्या आल्या. परवा पाटलाची सून आली घागर घेऊन. तुही आई म्हने, जपून बाई, पानी कडू हाये. थे म्हने, असू दे मावशी, भरू दे." तो हसला. हसताना अजून त्याचं ते हाड दुखतं, हे मला त्याच्या श्वासावरून कळतं.

"अन् थे कडं?"

"माठाखाली ठेवलं तुह्या आईनं. माठ हालत नाई आता."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "आता डाव्याले लाव."

"त्यानं आयकू येत नाई बाबा."

"ठाऊक हाये मले. लाव."

मी फोन डाव्या कानाला लावला. तो बोलत होता. आवाज होता, शब्द नव्हते. पाण्याखालून कोणी बोलावं तसं काहीतरी, बराच वेळ. गोदामात सूत उतरत होतं, हमाल माझ्या सहीसाठी थांबले होते. मी त्यांना हाताने थांबा म्हटलं आणि आवाज बंद होईपर्यंत फोन तसाच धरून ठेवला.